एका कान्याचे अंतर : 'हमीद' आणि 'हामिद' या अरबी नामांविषयी

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या लघुप्रबंधाच्या मुखपृष्ठाचा कच्चा खर्डा माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्याने स्वतःचे नाव 'हामिद' असे लिहिले होते. हजेरीपटात ते 'हमीद' असे होते आणि गुणपत्रकावर 'हामीद'. यांपैकी कोणते लिहावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. तिन्ही रूपे एकाच नावाची आहेत, मराठीत 'हमीद' हेच रूढ आहे, हमीद दलवाई यांच्या पुस्तकांवरील नाव पाहावे आणि तसेच लिहावे, असे उत्तर मी दिले. त्याने तसे लिहिले आणि प्रबंध सादर झाला. पुढे एका वेगळ्याच निमित्ताने अरबी शब्दसिद्धीचा थोडाफार अभ्यास करण्याचा प्रसंग आला, तेव्हा ध्यानात आले की मी दिलेले उत्तर चुकीचे होते. 'हमीद' आणि 'हामिद' ही एका नावाची दोन लेखनरूपे नसून ती दोन निराळी नावे आहेत. त्यांचा धातू एक आहे, परंतु त्यांचे अर्थ जवळजवळ परस्परांच्या उलट दिशेने जातात. प्रस्तुत लेखात या दोन नावांची घडण पाहून, मराठीत त्यांची सरमिसळ कशी झाली आणि ती अपरिहार्य होती काय, याचा विचार करावयाचा आहे.

अरबी शब्दाची घडण समजून घेण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला संस्कृत व्याकरणाचा परिचय उपयोगी पडतो, मात्र काही अंतरापर्यंतच. अरबीतील बहुसंख्य शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. ही तीन व्यंजने शब्दाचा सांगाडा असतात आणि त्यांच्या मधल्या जागांत कोणते स्वर येतात, ते ऱ्हस्व की दीर्घ, मधले व्यंजन दुणावते काय, आरंभी एखादे अक्षर जोडले जाते काय, यांवर शब्दाचा नेमका अर्थ ठरतो. या साच्याला अरबी वैयाकरण 'वजन' म्हणतात. आपण तराजूच्या संदर्भात जो 'वजन' शब्द वापरतो, तोच हा. धातूने अर्थाचे क्षेत्र सांगावे आणि वजनाने त्या क्षेत्रातील व्यक्तीचे स्थान सांगावे, अशी ही वाटणी आहे. म्हणून एखाद्या अरबी नावाचा अर्थ केवळ धातू ओळखून सांगता येत नाही. नावांचे अर्थ देणाऱ्या लोकप्रिय पुस्तिकांत नेमकी हीच चूक होते. धातू 'स्तुती'चा आहे एवढे पाहून त्या धातूच्या सगळ्याच नावांपुढे 'प्रशंसनीय' असे लिहून दिले जाते.

आपल्या दोन नावांचा धातू 'ह-म-द' हा आहे. यातील 'ह' हा घशातून घासत येणारा अरबी वर्ण असून उर्दू वर्णमालेत त्याला 'बडी हे' म्हणतात. या धातूपासूनचे मूळ नाम 'हम्द', म्हणजे स्तुती. कुराणाच्या पहिल्याच अध्यायाच्या प्रारंभी हा शब्द येतो, आणि फारसी व दखनी मसनवीच्या आरंभी ईश्वरस्तवनाचा जो भाग असतो त्यालाही 'हम्द' असेच म्हणतात. तथापि 'स्तुती' या मराठी शब्दाने 'हम्द'चा पूर्ण बोध होत नाही. अरबी भाष्यकारांनी 'हम्द', 'शुक्र' आणि 'मद्ह' यांत बारकाईने भेद केला आहे. 'शुक्र' म्हणजे मिळालेल्या उपकाराची कृतज्ञता. 'मद्ह' म्हणजे कोणत्याही गुणाची वाखाणणी, मग तो गुण एखाद्या मोत्याच्या तेजासारखा अबुद्धिपूर्वक का असेना. 'हम्द' मात्र स्वेच्छेने केलेल्या चांगल्या कृतीची वा शीलाची स्तुती, आणि तीही स्तुती करणाऱ्याला स्वतःला काही लाभ झाला असो वा नसो. 'मद्ह' आणि 'हम्द' यांची व्यंजने तीच, क्रम मात्र निराळा, हेही अरबी पंडितांच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांच्यापैकी काहींनी या दोहोंना भाऊभाऊ मानले आहे, तर काहींनी त्यांच्यातील अंतरावर भर दिला आहे. अरबीची भगिनीभाषा असलेल्या हिब्रूत याच धातूचा अर्थ 'हवेसे वाटणे, अभिलाषा धरणे' असा होतो, आणि दहा आज्ञांमध्ये परक्याच्या वस्तूचा लोभ धरू नये असे सांगताना तोच धातू वापरला आहे. हवेसे वाटणे आणि वाखाणणे या दोन अर्थांत फार अंतर नाही. जे वाखाणण्याजोगे असते ते हवेसेही वाटतेच.

या धातूपासून व्यक्तिनामांचे एक मोठे कुटुंबच निर्माण झाले आहे. त्याचे नातेसंबंध 'स्तु' या संस्कृत धातूच्या साहाय्याने मांडले, तर आपल्या विद्यार्थ्यांना ते चटकन समजतात, असा माझा वर्गातील अनुभव आहे. 'हामिद' हे कर्तृवाचक रूप आहे. ते म्हणजे स्तोता, स्तुती करणारा. 'महमूद' हे कर्मवाचक. ते म्हणजे स्तुत, ज्याची स्तुती झाली आहे असा. 'हमीद' म्हणजे स्तुत्य, म्हणजे स्तुतीस पात्र असणे हा ज्याचा कायमचा स्वभाव आहे असा. 'मुहम्मद' या रूपात मधला 'म' दुणावतो आणि त्यामुळे क्रियेची तीव्रता वा पुनरावृत्ती सूचित होते. ज्याची पुनःपुन्हा, भरभरून स्तुती झाली असा, हा त्याचा अर्थ. 'अहमद' हे तर-तम भावाचे रूप. त्याचा अर्थ 'सर्वाधिक स्तुत' असा घ्यावा की 'सर्वाधिक स्तुती करणारा' असा, याविषयी जुन्या काळापासून दोन मते आहेत आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही संभवतात.

कुटुंबातील मध्यवर्ती नाव अर्थातच इस्लामच्या प्रेषितांचे. कुराणात 'मुहम्मद' हे नाव चार वेळा आणि 'अहमद' एकदा येते. चरित्रग्रंथांतील परंपरा अशी की हे नाव आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी ठेवले. कुळात रूढ नसलेले नाव का ठेवले, असे लोकांनी विचारले तेव्हा, या मुलाची स्तुती स्वर्गात आणि पृथ्वीवर व्हावी अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली. पुढे या नावामुळेच संपूर्ण धातूला नामकरणात प्रतिष्ठा मिळाली. 'हम्द' आणि 'अब्द' यांपासून बनलेली नावे उत्तम, अशी एक उक्ती मुस्लिम समाजात लोकप्रिय आहे. हदीसच्या चिकित्सक अभ्यासकांनी तिला प्रेषितवचन म्हणून प्रमाण मानलेले नाही. परंतु लोकांच्या नामकरणावर तिचा प्रभाव पडला, ही गोष्ट तेवढीच खरी.

'हमीद' या नावाचे मूळ मात्र निराळ्या ठिकाणी आहे. 'अल्-हमीद' हे ईश्वराच्या नव्व्याण्णव नामांपैकी एक आहे. कुराणात हे विशेषण बहुधा जोडीने येते. कधी 'गनी' म्हणजे निरपेक्ष याच्यासह, कधी 'अझीझ' म्हणजे समर्थ याच्यासह, तर कधी 'मजीद' म्हणजे महिमावान याच्यासह. या जोड्यांवरून त्याच्या अर्थाची छटा स्पष्ट होते. कोणाच्या स्तुतीची ज्याला गरज नाही आणि तरीही जो स्तुत्यच आहे, तो 'हमीद'. म्हणून माणसाचे पूर्ण नाव ठेवावयाचे तर ते 'अब्दुल हमीद', म्हणजे त्या स्तुत्याचा सेवक, असे ठेवले जाते. 'अब्दुल' या तुकड्यात 'सेवक' हा शब्द, त्याचा विभक्तिस्वर आणि पुढील शब्दाचे उपपद एवढे सारे एकत्र आले आहे. त्यामुळे आपण एखाद्याला नुसते 'अब्दुल' म्हणून हाक मारतो तेव्हा प्रत्यक्षात 'च्या सेवका' एवढेच म्हणतो आणि कोणाच्या ते सांगावयाचे राहून जाते. याउलट 'अब्दुल' गाळून उरलेले 'हमीद' हे एकटे नाव म्हणून चालते. 'रहमान'सारखी काही नामे केवळ ईश्वरालाच लावावीत असा दंडक आहे, 'हमीद'ला तो लागू नाही. आपल्याकडे विठ्ठल, राम, नारायण ही देवाची नावे थेट मुलाला देण्यात कोणाला संकोच वाटत नाही. अरबी नामकरणात मात्र देवाचे नाव घेताना मध्ये दास्याचा शब्द असावा, अशी मूळ वृत्ती आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवावयास हवी. 'हमीद' ज्या वजनावर बनला आहे ते वजन अरबीत सर्वस्वी कर्मवाचक नाही. 'रहीम' म्हणजे दया करणारा. तेथे हेच वजन कर्त्याकडे झुकते. 'हबीब' म्हणजे ज्याच्यावर प्रेम आहे असा. तेथे ते कर्माकडे झुकते. त्यामुळे 'अल्-हमीद'चा अर्थ लावताना काही भाष्यकारांनी, जो स्तुत्य आहे आणि जो आपल्या सेवकांच्या सत्कृत्यांची स्तुतीही करतो, असा दुहेरी अर्थ घेतला. परंतु प्रधान अर्थ 'स्तुत्य' हाच मानला गेला आहे. इमाम गझाली यांनी ईश्वरी नामांवरील आपल्या ग्रंथात तोच दिला आहे. गझाली (मृत्यू ११११) यांचे स्वतःचे उपनाम 'अबू हामिद' असे होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'हमीद' या नामावर भाष्य करणारा पंडित स्वतः 'हामिद'चा पिता म्हणवून घेत होता आणि ही दोन नावे एक आहेत असे त्याच्या वा त्याच्या वाचकांच्या मनात येणेही शक्य नव्हते.

अरबी लिपीत ते शक्य नाही याचे कारण साधे आहे. 'हामिद' लिहिताना 'बडी हे'नंतर अलिफ येतो आणि 'म'नंतर काहीच येत नाही. 'हमीद' लिहिताना 'हे'नंतर काही येत नाही आणि 'म'नंतर 'ये' येतो. प्रत्येक नावात एकच स्वर दीर्घ आहे, फक्त त्याची जागा बदलते. दीर्घत्व पहिल्या अक्षरावर असेल तर स्तोता, दुसऱ्यावर असेल तर स्तुत्य. देवनागरीत हा भेद दाखविण्याची सोय अरबीहून अधिकच आहे, कारण आपण ऱ्हस्व स्वरही लिहितो. मग मराठीत घोटाळा का व्हावा?

याचे पहिले कारण मराठीच्या स्वतःच्या प्रकृतीत आहे. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ होतो. १९६२ साली शासनमान्य झालेल्या साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तत्सम शब्द वगळून याच प्रवृत्तीला नियमाचे रूप मिळाले. त्यामुळे 'हामिद' हे नाव मराठीत आले की ते 'हामीद' होणार, हे उघड आहे. मोडीचा विचार केला तर हा दुसरा स्वर पुरावा म्हणून पूर्णच निकामी ठरतो, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळला जात नाही. मोडी कागदात 'मी' दिसला म्हणून मूळ नाव 'हमीद' असे अनुमान काढता येत नाही. दोन नावांना वेगळे ठेवणारी एकच खूण मग उरते, ती म्हणजे पहिल्या अक्षराचा काना. मोडीतही काना असतो.

आता मुख्य प्रश्न असा की हा काना मराठीत स्वाभाविकपणे गळतो काय? 'हामिद'चे 'हमीद' होणे हा मराठी उच्चाराचा परिणाम असेल, तर त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. परक्या शब्दांना आपले वळण लावण्याचा प्रत्येक भाषेला अधिकार आहे. त्यासाठी 'हामिद'च्याच वजनावरील जे अरबी शब्द फारसीमार्फत मराठीत स्थिरावले, त्यांची साक्ष काढावयास हवी, आणि सुदैवाने ती विपुल आहे. मूळ 'जाहिर'चे मराठीत 'जाहीर' झाले, 'गाफिल'चे 'गाफील', 'हाकिम'चे 'हाकीम', 'जामिन'चे 'जामीन'. 'शाइर'मधील घशातला वर्ण हरवून त्या जागी 'ह' आला आणि आपला 'शाहीर' तयार झाला. या गटात दुसरा स्वर दीर्घ 'ई' झाला आहे. दुसऱ्या गटात तो 'अ' झाला. 'मालिक'चे 'मालक', 'वारिस'चे 'वारस', 'लाइक'चे 'लायक', 'काइम'चे 'कायम', आणि न्यायालयातला 'नाझर' हीही त्याचीच उदाहरणे. तिसरे वळण 'साहिब'ने घेतले आणि तो 'साहेब' झाला. दुसऱ्या स्वराची अशी तीन वाटांनी पांगापांग झाली असली, तरी पहिला 'आ' मात्र या सर्व शब्दांत जागच्या जागी आहे. मला सापडलेला ठळक अपवाद 'हाजिर'चा 'हजर' हा एकच. तेथेसुद्धा काना गेला तेव्हा त्याबरोबर दुसरा स्वरही गेला. 'हजीर' असे रूप मराठीत झाले नाही.

याच्या उलट, 'हमीद'च्या वजनाचे शब्द पाहावेत. वकील, वजीर, गरीब, फकीर, अमीन, हकीम हे शब्द जसेच्या तसे आले, कारण त्यांची घडण मराठीच्या उपान्त्य दीर्घाच्या सवयीला आयतीच जुळत होती. भोसले घराण्यातील शरीफजी हे नाव याच वजनाचे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने आपल्या मुलांना शहाजी व शरीफजी ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. या दोन वजनांतील भेद सामान्य मराठी माणूस नकळत पाळत आला आहे, याचा सर्वांत चांगला पुरावा 'हकीम' आणि 'हाकीम' ही जोडी होय. दोन्ही शब्द 'ह-क-म' या एकाच धातूचे. त्यांच्यातही मराठीत अंतर उरले आहे ते केवळ एका कान्याचे. तरीही औषध देणारा तो हकीम आणि हुकूम देणारा तो हाकीम, यात मराठी भाषकाने घोटाळा केलेला नाही. 'हकीम' आणि 'हाकीम' ज्या भाषेत शेजारी शेजारी नांदले, त्या भाषेला 'हमीद' आणि 'हामीद' वेगळे ठेवणे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

व्यक्तिनामेही सामान्यनामांच्याच वाटांनी गेली आहेत. 'कासिम'चे 'कासम' झाले, जसे 'मालिक'चे 'मालक'. 'खालिद' कोठे 'खालीद' झाला तर कोठे 'खालेद', जसा 'साहिब'चा 'साहेब'. ही रूपे मराठीची हक्काची आहेत, आणि त्या न्यायाने 'हामीद' हेही मराठीचे हक्काचे रूप आहे. गुणपत्रकावरील ज्या रूपाकडे मी त्या वेळी चूक म्हणून पाहिले, तेच तिन्हींमध्ये भाषेच्या नियमांना धरून होते. 'हामिद'बद्दल 'हमीद' हे रूप मात्र या कोणत्याही वाटेवर बसत नाही. ते ध्वनिपरिवर्तन नव्हे. एका नावाच्या जागी दुसरे नाव बसविणे आहे.

ही अदलाबदल कशी घडते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रोमन लिपीत दोन्ही नावे एच-ए-एम-आय-डी या पाच अक्षरांत लिहिली जातात. शाळेच्या दाखल्यापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत नाव आधी रोमनमध्ये नोंदले जाते आणि मग कोणीतरी त्याचे देवनागरी करतो. त्या कारकुनाने वा प्राध्यापकाने ऐकलेले नाव 'हमीद' असते, म्हणून तो 'हमीद' लिहितो. यात वाईट हेतू नसतो, परंतु या प्रवासात ज्याचे नाव त्याला कोणी विचारलेले नसते. असाच प्रकार 'अमीर' आणि 'आमिर' यांच्या बाबतीत होतो. इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे नाव 'अमीर', म्हणजे सरदार. चित्रपट-अभिनेते आमिर खान यांचे नाव निराळे आहे. ते 'ऐन' या वर्णाने सुरू होणारे 'आमिर', म्हणजे नांदता, भरभराटीचा. वृत्तपत्रांच्या एकाच पुरवणीत दोघांचीही नावे 'अमीर' अशी छापलेली पाहावयास मिळतात.

इतिहासलेखनात या हयगयीची किंमत अधिक पडते. गझनीचा सुलतान 'महमूद' होता आणि घोरचा 'मुहम्मद', परंतु मराठीत 'महंमद गझनी' असे लिहिलेले कितीतरी वेळा आढळते. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान (मृत्यू १४८१) हाही असाच अनेक ठिकाणी 'महंमद गावान' होतो. या धातूच्या इतर नावांचे मराठीतील चरित्रही मनोरंजक आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या नावातील 'महंमद' हे रूप पाहिले तर आरंभीचा 'उ' गेला असला, तरी दुणावलेला 'म' अनुस्वाराच्या आश्रयाने टिकून आहे. म्हणजे अर्थाला आवश्यक ते राखून अनावश्यक ते मराठीने सोडले. याच वजनाच्या 'मुकद्दम'चे 'मुकादम' होताना मात्र जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, जसे 'सत्त'चे 'सात' झाले. 'अहमद'मधील 'ह' तर बोलण्यात टिकलाच नाही. गुजरातेत 'अमदावाद' म्हणतात, जुन्या मराठी कागदांत 'अमदानगर' येते. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या त्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्यामुळे हा शब्द आता ऐतिहासिक संदर्भापुरताच उरेल. शेख महंमदांच्या नावाच्या निरनिराळ्या लेखनरूपांचा हस्तलिखितांच्या आधारे स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाने ज्या कवींकडे लक्ष वेधले, त्या सर्वांच्याच नावांचा असा अभ्यास उद्बोधक ठरेल.

संपादकाला आणि अनुवादकाला येथे काही व्यावहारिक कसोट्या उपलब्ध आहेत. 'अब्दुल' या पदानंतर ईश्वराचे नाम अपेक्षित असते आणि 'हामिद' हे ईश्वरी नाम नाही. त्यामुळे 'अब्दुल'च्या पुढे 'हमीद'च असले पाहिजे. शहाजीराजांच्या कारकिर्दीच्या अभ्यासात ज्याचा 'पादशाहनामा' वारंवार लागतो तो शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी, किंवा १९६५च्या युद्धातील परमवीरचक्राचे मानकरी अब्दुल हमीद, यांच्या नावात म्हणूनच काना देणे चूक ठरेल. 'अबू'च्या पुढे बहुधा 'हामिद' येते, तेथे काना गाळणे चूक. नाव एकटेच असेल तेव्हा मात्र व्याकरण मदत करीत नाही. तेथे मूळ उर्दू वा फारसी लेखन पाहणे, आणि व्यक्ती हयात असल्यास तिलाच विचारणे, याशिवाय मार्ग नाही. हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांचे नाव 'हमीद'च आहे, परंतु त्यावरून प्रत्येक 'हामिद'ला 'हमीद' करण्याचा परवाना मिळत नाही. 'फारसी-मराठी कोशा'सारखी (१९२५) माधवराव पटवर्धनांची साधने सामान्यशब्दांसाठी आजही अमोल आहेत. व्यक्तिनामांना मात्र अशा कोशांत सहसा जागा नसते.

एक शंका नेहमी विचारली जाते, ती अशी की 'बडी हे' आणि 'छोटी हे' हा भेद देवनागरीत दाखविता येत नाही, मग कान्याचाच आग्रह कशासाठी? शंका अगदीच निराधार नाही. अरबीत 'छोटी हे'ने लिहिलेला 'हामिद' हा शब्द खरोखरच आहे आणि त्याचा अर्थ 'विझलेला, निश्चेष्ट' असा होतो. पावसाआधीच्या उजाड जमिनीसाठी कुराणात त्याचे स्त्रीलिंगी रूप आले आहे. परंतु हे नाव कोणी मुलाला ठेवीत नाही, आणि उर्दू बोलणाराही या दोन 'ह'कारांच्या उच्चारांत भेद करीत नाही. जो भेद भारतीय जिभेवर कधी आलाच नाही, तो लिपीत आणण्याचा अट्टहास नको. काना मात्र जिभेवरही आहे आणि लिपीतही.

साहित्याच्या अध्यापनात हा प्रश्न सर्वाधिक जाणवतो तो प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) ही कथा शिकविताना. तिच्यातील पोरक्या मुलाचे नाव 'हामिद' आहे. मराठीत ती कथा सांगताना तो अगदी सहज 'हमीद' होतो. प्रेमचंदांनी लेखनाला उर्दूतून प्रारंभ केला होता, तेव्हा या दोन नावांतील भेद त्यांना ठाऊक नसणे संभवत नाही. हामिद जत्रेत तीन पैशांचा चिमटा विकत घेतो आणि सोबत्यांच्या खेळण्यांपुढे त्या चिमट्याचे असे काही गुणगान करतो की सगळे निरुत्तर होतात. स्तुती करणारा, म्हणजे 'हामिद', हे नाव त्या प्रसंगात त्याला शोभते. शेवटी आजी पदर पसरून रडत त्याला आशीर्वाद देते, तेव्हा तोच स्तुत्य ठरतो. यापुढे जाऊन प्रेमचंदांनी हे नाव हेतुपूर्वक योजले असे म्हणणे ओढाताणीचे होईल आणि मी तसे म्हणत नाही. 'हामिद' हे उत्तर भारतात घरोघर आढळणारे नाव आहे, एवढे कारण लेखकाला पुरेसे असते. परंतु लेखकाने दिलेले नाव बदलून आपण ही वाचनाची शक्यताच मिटवून टाकतो, एवढे मात्र खरे. त्या आजीचे 'अमीना' हे नावही पाहण्यासारखे आहे. ते 'हमीद'च्या वजनाचे स्त्रीलिंगी रूप असून त्याचा अर्थ 'विश्वासू' असा आहे. प्रेषितांच्या मातेचे नाव 'आमिना', म्हणजे सुरक्षित, निर्भय. तेही याच 'अ-म-न' धातूचे, परंतु 'हामिद'च्या वजनाचे. म्हणजे येथेही तोच काना आला, आणि मराठी पुस्तकांत याही दोन नावांची अदलाबदल चालूच असते.

ज्या विद्यार्थ्यापासून हा विचार सुरू झाला, त्याची पुढे भेट झाली तेव्हा मी त्याला माझी चूक सांगितली. त्याला तिचे फारसे आश्चर्य वाटले नाही. त्याच्या आजोबांनी घरातील सर्व मुलांच्या जन्माच्या नोंदी उर्दूत एका वहीत केल्या होत्या आणि पुढल्या खेपेस त्याने ती वही दाखवावयास आणली. नोंदीची शाई फिकट झाली आहे, तरी अक्षर वळणदार आहे आणि 'बडी हे'च्या पुढे अलिफ स्पष्ट दिसतो. प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या तालिकेत 'हमीद' याच नावाखाली नोंदलेला आहे.